लहान यंत्रांचा संसार

तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय हा संगणक २०१२ साली इंग्लंडात विक्रीस आला. अशी तीन-चार यंत्रे जोडून त्यांवर ‘के३एस’ ही हलकी कुबरनेटिस प्रणाली चालविण्याचा छंद आता अनेक हौशी मंडळींना जडला आहे. ही प्रणाली २०१९ साली प्रसिद्ध झाली. कंटेनर म्हणजे आपली शिदोरी बरोबर बांधून निघालेला कार्यक्रम; त्याला कोणत्या यंत्रावर बिऱ्हाड द्यावयाचे, हे ती ठरविते.

घरातील जुनी छायाचित्रे, वडीलधाऱ्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणे पुष्कळदा याच संसाराच्या स्वाधीन केलेली असतात. म्हणून एखादे यंत्र ‘नॉट रेडी’ दाखवू लागले, की कार्ड पुसून सारे नव्याने मांडण्याची घाई करू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. आधी कारण शोधावे, आणि तेही क्रमाने.

प्रथम वीज पाहावी. रास्पबेरी पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. मोबाइलचा साधा चार्जर काम वाढताच दमतो. यंत्र मंदावते किंवा मध्येच पुन्हा सुरू होते. व्होल्टेज उतरल्याची नोंद यंत्राच्या लॉगमध्ये सापडते. के३एस मुळीच सुरू होत नसेल, तर मेमरीचा सीग्रुप बंद आहे काय, ते तपासावे. तो चालू करणारे शब्द आरंभाच्या सूचनांच्या फाइलीत असलेल्या त्याच एका ओळीत लिहावेत. नवी ओळ केल्यास ते व्यर्थ जातात. तिसरे, घड्याळ. या यंत्रात बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. वीज जाऊन आल्यावर नेटवर्ककडून वेळ मिळेपर्यंत ते मागे राहते, आणि चांगली प्रमाणपत्रेही अवैध ठरतात. कंटेनर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणून पडत असेल, तर तो बहुधा दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी बांधलेला असतो.

शेवटी कार्ड. सतत लिहिण्याने मेमरी कार्ड झिजते. एटसीडी वापरणाऱ्यांनी तर एसएसडीच घ्यावी.

एक गैरसमज मात्र महागात पडतो. यंत्रे चार म्हणून प्रती चार, असे नसते. के३एसच्या मूळ मांडणीत कार्यक्रमाची साठवण एकाच यंत्राच्या डिस्कवर राहते. ते गेले की तीही गेली. कार्यक्रम दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभा राहील. आजीचा आवाज राहणार नाही. तेव्हा, वाचकहो, दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी त्या साठवणीची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी.