प्रश्नपत्रिकेत रुग्ण असावा

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातील शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाचे विद्यार्थी, आणि त्यांच्याबरोबरच जालना, बीड, परभणी, हिंगोली येथून येऊन या वस्तीतल्या खोल्यांत राहणारे, कोणी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या, कोणी परिचर्येच्या, तर कोणी आरोग्य खात्यातील भरतीच्या तयारीत असलेले शेकडो तरुण रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकांत जे कष्ट उपसतात, त्यांविषयी मला नितांत आदर आहे; आणि म्हणूनच त्या कष्टांचे फळ पुष्कळदा चार पर्यायांतून एकावर खूण करण्याच्या कौशल्यातच संपून जावे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. पाठांतराचा मी द्वेष्टा नाही. औषधाची मात्रा, नाडीचे ठोके, रक्तदाबाचे आकडे हे मुखोद्गतच असले पाहिजेत, कारण रुग्ण समोर धापा टाकीत असता ग्रंथ उघडण्यास अवसर नसतो. परंतु जे पाठ करावयाचे ते कोणत्या तक्रारीच्या वेळी उपयोगी पडणार, हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे ज्ञान ऐन वेळी त्याच्या हाती येत नाही.

याचा उत्तम दाखला आपल्याच मातीतला आहे. त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यात असलेल्या आणि आज जालना जिल्ह्यात मोडणाऱ्या भोकरदन तालुक्यातील देहेड गावी 1951 साली जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर नागपुरास वैद्यकीय शिक्षण पुरे करून कोकणात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सरकारी नोकरीवर रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने तेथे धडधाकट माणसे दगावत होती आणि त्यांना वाचवील असा उपचार प्रचलित पाठ्यग्रंथांत सापडत नव्हता. या तरुण वैद्याने रुग्णाच्या खाटेशी बसून घाम, ओकारी, गार पडलेले हातपाय, प्रथम चढलेला रक्तदाब आणि पुढे फुप्फुसांत साठणारे पाणी हा सारा क्रम टिपून ठेवला; त्यांचे निरीक्षण 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात छापून आले; आणि विंचवाच्या विषाने आकुंचित होणाऱ्या रक्तवाहिन्या शिथिल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध त्यांनी या दंशावर योजिले, तेव्हा पूर्वी शंभरांमागे तीसचाळीस रुग्ण दगावत, ते प्रमाण एकदोनांवर आले. प्राझोसिन कोणत्या वर्गातील औषध, हा प्रश्न कोणतीही परीक्षा विचारू शकते. हातपाय गार पडलेल्या शेतमजुराला ते द्यावे, हे कळण्यास मात्र रुग्णाकडे पाहावे लागते.

मराठवाड्यात पावसाळा लागला म्हणजे सर्पदंशाचे रुग्ण गावोगावच्या आरोग्य केंद्रांतून येऊ लागतात. मण्यार रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला डसते. जागी सूज नाही, वेदनाही फारशी नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात आणि पुढे श्वास मंदावतो. दंशाची खूण दिसत नाही म्हणून पोटदुखीचे औषध देऊन अशा रुग्णास घरी धाडणे म्हणजे त्याला मृत्यूच्या हवाली करणे होय. घोणस चावली असता रक्त गोठेनासे होते, आणि ते ओळखण्याची कसोटी इतकी सोपी आहे की तीस ना विजेची गरज, ना यंत्राची: स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त घेऊन 20 मिनिटे न हलविता ठेवावे, आणि मग नळी तिरपी करून पाहावी; रक्त वाहिले तर विष भिनले आहे असे समजून प्रतिविषाची तजवीज करावी. नळी काचेचीच का, हे ज्या परिचारिकेस समजले आहे, ती प्लॅस्टिकची नळी कधी उचलणार नाही, कारण रक्त गोठण्याच्या क्रियेला चालना देणारा काचेचा पृष्ठभाग तिच्या ध्यानात असतो. औषधनिर्मात्याचेही असेच. जलसंजीवनीची पुडी गिऱ्हाइकाच्या हाती देताना, वेष्टनावर सांगितले असेल तेवढ्याच पाण्यात ती सबंध कालवावी, अर्ध्या पेल्यात नव्हे, एवढे एक वाक्य त्याने उच्चारले नाही, तर अतिक्षार द्रव पिऊन बालकाची अवस्था अधिकच बिघडू शकते.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्या विद्वानांस माझी कळकळीची विनंती आहे की, पदविकेची असो, परिचर्येची असो वा भरतीची असो, प्रत्येक प्रश्नपत्रिकेतील निदान एक चतुर्थांश गुण अशा प्रश्नांसाठी राखून ठेवावेत, ज्यांचा आरंभ रुग्णाच्या तक्रारीने होतो आणि ज्यांचे उत्तर लिहिताना विद्यार्थ्याला कारणही द्यावे लागते. अशी उत्तरे तपासण्यास वेळ लागेल, परीक्षकांचे मानधन वाढवावे लागेल, निकाल कदाचित पंधरवडाभर लांबेल. तो खर्च शासनाने खुशाल सोसावा.