सायकल दिली, पाना कोण देणार?

बॉस्टनच्या रॉक्सबरी, डॉर्चेस्टर, जमैका प्लेन या भागांतल्या मुलांना सायकल मिळवण्याचा एक तिसरा मार्ग आहे. ती विकत घ्यायची नाही, दान म्हणूनही घ्यायची नाही, कमवायची. ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ या संस्थेच्या कार्यशाळेत बारा ते अठरा वर्षांची मुलं येतात, कुणीतरी देऊन टाकलेली जुनी सायकल निवडतात आणि ती खोलून पुन्हा उभी करतात. हबमधले छर्रे काढून ग्रीस भरणं, ब्रेक जुळवणं, पंक्चर काढणं हे सगळं स्वतःच्या हातानं. मग हेल्मेट घालून सगळ्यांनी मिळून शहराच्या रहदारीत ती चालवायची. अभ्यासक्रम पुरा झाला की सायकल त्यांची.

संस्थेचं नाव चमत्कारिक वाटतं, पण त्याला इतिहास आहे. १९८४ मध्ये अमेरिकेचं रेगन सरकार निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांना रसद पुरवत होतं. त्याला उत्तर म्हणून कार्ल कुर्त्झ हा सायकल मेकॅनिक आणि मायकेल रिप्लोगल हा वाहतूक नियोजक, अशा दोघांनी निकाराग्वाला जुन्या सायकली पाठवायला सुरुवात केली. यातल्या रिप्लोगल यांनी पुढच्याच वर्षी काढलेली ‘आयटीडीपी’ ही वाहतूक धोरणाची संस्था आज पुण्यातही काम करते, हे फुटपाथ आणि सायकल ट्रॅकवर हिरीरीनं भांडणाऱ्या पुणेकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे! ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’चं परदेशात सायकली पाठवणं थांबलं नाही. घानातल्या कोफोरिडुआ शहरात अपंग व्यक्तींनी चालवलेलं सायकल दुकान याच मदतीतून उभं राहिलं. पण गोळा झालेल्या सायकलींच्या ढिगाऱ्यात आपल्या गल्लीतल्या मुलांचीही शाळा भरू शकते, हे ओळखणं ही या मंडळींची खरी कमाई.

सायकलच का? कारण तिचं काही झाकलेलं नसतं. मोबाइल बिघडला तर मूल काचेकडे बघत बसतं. सायकल बिघडली तर बिघाड डोळ्यांसमोर असतो. चाकाचा आऊट काढताना रिम डावीकडे ओढत असेल तर उजव्या बाजूच्या स्पोकचं निपल किंचित आवळायचं, चाक फिरवून बघायचं, पुन्हा आवळायचं. घाई केली तर आऊट वाढतो. इथे मास्तरांची मर्जी चालत नाही आणि पोराचा आव तर मुळीच चालत नाही. चाक ब्रेकला घासतं किंवा घासत नाही. वर्गात सतत मागच्या बाकावर बसवलेल्या मुलासाठी ही परीक्षा शाळेतल्या कुठल्याही परीक्षेहून जास्त न्याय्य आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, सायकली दुरुस्त करून पोट भरतं का? फारसं नाही, आणि भरतं असं सांगून मुलांना आणू नये. बॉस्टनच्या संस्थेचं स्वतःचं दुकान आहे, शिकून तयार झालेल्या काही मुलांना तिथे पगारी उमेदवारी मिळते, काही जण धाकट्यांना शिकवू लागतात. एवढंच. सगळ्यांना रोजगार मिळेल हा दावा उद्‌घाटनाच्या भाषणात शोभतो. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती हत्यारं सोपवून ‘हे काम तुझं’ म्हणणारं मोठं माणूस त्याला मिळतं, हा लाभ मात्र खरा आहे आणि तो कोणत्याही अहवालाच्या रकान्यात मावत नाही.

महाराष्ट्राला यात घेण्यासारखं बरंच आहे. मानव विकास कार्यक्रमातून २३ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजारांवर नेलं. योजना चांगलीच आहे. बिहारमध्ये २००६ पासून मुलींना सायकली दिल्या गेल्या. त्या योजनेचा अभ्यास करणाऱ्या कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांना माध्यमिक शाळेतल्या मुलींच्या नोंदणीत ३२ टक्के वाढ दिसली. सायकलमुळे मुलगी शाळेत पोचते, यात वाद उरलेला नाही.

पण चेन तुटली, टायर फाटला, की पुढे काय? गावात दुकान नसेल तर सायकल भिंतीला टेकते आणि मुलगी पुन्हा पायी. वाटपाचा फोटो निघतो, दुरुस्तीचा कोण काढणार? शिवाय पाना मुलग्यांच्याच हातात देण्याची आपली सवय. बॉस्टनमध्ये फक्त मुलींसाठी वेगळे वर्ग चालतात, ते उगाच नाही.

आपल्याकडे अशी कार्यशाळा काढणं हे फार मोठ्या खर्चाचं काम नव्हे. पाच-सहा गावांमागे एका माध्यमिक शाळेत एक खोली, दोन स्टँड, पान्यांचा संच, पंप आणि सोल्यूशन. शिकवायला पदवीधर नको, बाजारपेठेच्या गावातला सायकलवाला हवा आणि शनिवारच्या त्याच्या बुडालेल्या धंद्याचे पैसे त्याला रोख मिळायला हवेत. ट्यूब, ब्रेक शू, चेन यांसाठी अनुदानातच दरवर्षीची छोटी तरतूद लागेल. नाहीतर सुट्या भागांची वर्गणी शेवटी त्याच मुलींच्या घरून गोळा होईल.