मार्शमेलो, हलाल आणि चण्याचं पाणी

मागच्या महिन्यात सोसायटीतल्या एका वाढदिवसाला परदेशातून आणलेलं मार्शमेलोचं पाकीट फोडलं गेलं. सगळ्या मुलींनी हात पुढे केले, दोघींनी मागे घेतले. एक माझी नऊ वर्षांची लेक, दुसरी शेजारची जैन मुलगी. दोघी पाकिटावर एकच शब्द शोधत होत्या: जिलेटिन.

जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजनपासून बनतं, बहुतेक वेळा डुकराच्या किंवा गुरांच्या. कोणतं जनावर, ते पाकीट सहसा सांगत नाही. पूर्ण रूपांतर झालं की वस्तूचा मूळ हुकूम बदलतो, असं काही उलेमा मानतात. अनेकांना ते जिलेटिनबाबत मान्य नाही. मी काही मुफ्ती नाही. 'शक असेल तर सोडून दे,' हे अम्मीने शिकवलं, तेच मी लेकीला शिकवलं.

पण सोडून देणं एवढंच शिकवलं, तर मुलांना दीन म्हणजे 'नको'ची यादी वाटू लागते. म्हणून घरी आल्यावर आम्ही मार्शमेलो करायला घेतले.

मजा अशी, की हा पदार्थ मुळात वनस्पतीचाच. मार्शमेलो म्हणजे आपल्या युनानी दवाखान्यातली खतमी. खोकल्यावर देतात तीच. तिच्या मुळाचा चिकट रस साखरेबरोबर फेटून फ्रान्समध्ये मिठाई करत. जिलेटिन नंतर आलं, सोय म्हणून.

आणि लागणारं सामान रमजानच्या स्वयंपाकघरात असतंच: काबुली चणे आणि चायना ग्रास. मीठ न घालता चणे शिजवायचे, पाणी गाळून अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट होईपर्यंत आटवायचं आणि थंड करायचं. अर्धा कप पाण्यात अर्धा चमचा लिंबाचा रस घालून बीटरने दहा मिनिटं फेटा. फेस उभा राहतो. दुसरीकडे एक कप साखर, अर्धा कप पाणी आणि दोन चमचे चायना ग्रासची पूड चांगली उकळा, कारण ती कोमट पाण्यात विरघळत नाही. हा पाक गरम असतानाच फेसात बारीक धारेने सोडा. व्हॅनिला घाला आणि थांबू नका, चायना ग्रास चाळीस अंशांच्या आसपास घट्ट होते. कॉर्नफ्लोअर आणि पिठीसाखर भुरभुरलेल्या ताटात ओतून दोन तासांनी वड्या पाडा. विकतच्यासारख्या त्या ताणल्या जात नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पाणी सोडतात. त्याच दिवशी संपवा.

एक मित्र म्हणाला, "भाड्याचं घर देताना आपल्याला 'नॉनव्हेज खाता का' विचारतात, आणि तू व्हीगन मिठाईचं कौतुक करतोस?" त्याचा सल खरा आहे. तो प्रश्न मलाही विचारला गेलाय. मी व्हीगन नाही. बकरीदेला कुर्बानी करतो, त्याबद्दल संकोचही नाही. पण दुसऱ्याच्या ताटावर पहारा ठेवणं वेगळं आणि दुसऱ्यालाही खाता येईल असं काही आपल्या दस्तरखानावर ठेवणं वेगळं. पहिल्याचा मला राग आहे, म्हणूनच दुसरं मी सोडणार नाही.

त्या संध्याकाळी लेक डबा घेऊन शेजारी गेली. तिथल्या काकूंनी काय काय घातलंय ते विचारलं, लेकीने सगळं सांगितलं. डबा रिकामा परत आला, आणि 'चण्याचं पाणी किती आटवायचं' हा प्रश्न सोबत आला.