गळा फाटल्याशिवाय शाहीर होत नाही, असं म्हणणाऱ्यांना

गणपती गेले आणि त्यांच्या पाठोपाठ आमच्या तालुक्यातल्या कितीतरी शाहिरांचे आवाजही गेले.

विश्वास बसत नसेल तर आज कुठल्याही वाडीतल्या जाखडीच्या शाहिराला फोन लावून बघा. पलीकडून घोगरं, हवा मिसळलेलं काहीतरी ऐकू येईल. "नाय हो भाऊ, गला बसलाय. चार रोजात येल." हे सांगताना सुरात तक्रार नसते, थोडा अभिमानच असतो. बारी गाजवली याची ती पावती! गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या माणसांकडून हेच ऐकलं आणि डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे. वेळ काढून वाचा.

मुंबईत वाढलेल्या आपल्या पोरांसाठी दोन ओळी, बाकीच्यांनी पुढे सरकावं. तुम्ही ज्याला बाल्या डान्स म्हणता ती जाखडी. मधे ढोलकी, मृदंग, झांज, शाहीर आणि कोरस, भोवती पायात चाळ बांधून फिरणारे गडी. एक पक्ष शक्तीवाल्यांचा, दुसरा तुरेवाल्यांचा. सवाल-जवाब, आणि बारी रंगली तर पहाटेपर्यंत.

आता या शाहिराच्या आवाजाबद्दल बोलणारे दोन पंथ आहेत. पहिला पंथ पेटी-तबल्याच्या क्लासवाल्यांचा. त्यांचं म्हणणं, "हे गाणं कुठे आहे? हे ओरडणं आहे." दुसरा पंथ आमच्या मंडळांमधल्या जाणत्यांचा. त्यांचं म्हणणं, "गळा फाटल्याशिवाय शाहीर होत नाही. आमच्या वेळी थुंकीतून रक्त यायचं, तेव्हा कुठे आवाज तयार झाला." एकमेकांकडे ढुंकूनही न बघणाऱ्या या दोन पंथांचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे. ओरडायला काही शिकावं लागत नाही. एकाच्या मते ते शिकण्याच्या लायकीचं नाही आणि दुसऱ्याच्या मते ते आपोआप येतं. माझं भांडण या एकमताशी आहे. ओरडणं हे तंत्र आहे, ते शिकता येतं, जगात ते शिकवलं जातं, आणि आमच्याकडे ते शिकवत नाहीत म्हणून चाळिशीच्या आत माणसांचे गळे संपतात.

थुंकीतून रक्त येणं म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. घशात स्वरयंत्र असतं, त्यात दोन स्वरतंतू. आपण त्यांना तंतू म्हणतो, पण त्या तारा नाहीत. नाजूक आवरण असलेल्या मांसल घड्या आहेत. खालून श्वास आला की त्या एकमेकींवर आपटतात आणि आवाज होतो. पुरुषमाणूस साधं बोलतो तेव्हा सेकंदाला साधारण शंभर ते सव्वाशे वेळा. शाहिरानं काळी चारला सा धरला आणि वरच्या षड्जाला गेला, की हेच आपटणं सेकंदाला चारशेच्या पुढे जातं. हे पूर्ण जोर लावून, रात्रभर, आणि गणपतीच्या दिवसांत दुसऱ्या दिवशी पुन्हा. कुदळ मारून हाताला घट्टा पडतो ना, तशाच बारीक गाठी त्या घड्यांवर येतात. एखादी रक्तवाहिनी फुटली तर जोरातल्या तानेत एका क्षणात आवाज जातो. घट्टा पडलेल्या हाताला आपण कामसू म्हणतो, ते ठीक. पण गाठी आलेल्या स्वरतंतूंच्या कडा नीट मिटतच नाहीत, मधून हवा गळते. म्हणून फोनवर ते घोगरं, फुसफुसतं ऐकू येतं. तो तयार झालेला आवाज नव्हे. ती जखम आहे.

यावर उपाय काय करतात? खडीसाखर, ज्येष्ठमध, आल्याचा तुकडा, लवंग. आजीबाईंचा मान ठेवून सांगतो, घशाला बरं वाटतं, जरूर खा. पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते आणि स्वरतंतू असतात श्वासाच्या वाटेवर. तुमचा ज्येष्ठमध तिथे पोचलाच तर तुम्हाला जोरदार ठसका लागेल, आवाज सुटणार नाही. तंतूंना ओलावा मिळतो तो दिवसभर प्यालेल्या साध्या पाण्याचा, तोही अंगात मुरल्यावर, आणि थोडाफार वाफेचा. आणि गाण्याआधी आवाज मोकळा व्हावा म्हणून जी चपटी उघडली जाते तिच्याबद्दल मी काय बोलणार! घसा सुकतो आणि दुखणं कळेनासं होतं, म्हणजे दुहेरी नुकसान.

आता जरा लांब जाऊ. आपल्याकडेही कानात बोंडं घालून मेटल ऐकणारी पोरं आहेत. घरचे म्हणतात, "रेडे कापताहेत वाटतं." त्या गाण्यातला गायक किंचाळतो, गुरगुरतो, तासभर. मुंबईत 'भयानक मौत' नावाचा बँड निघाला, दिल्लीच्या 'ब्लडीवूड'नं २०१९ साली जर्मनीत वाकेनच्या मोठ्या महोत्सवात हजेरी लावली, तिथेही हेच. मग दौऱ्यावर एकामागून एक कार्यक्रम करणाऱ्या या माणसांचे गळे कसे टिकतात? सगळ्यांचे टिकत नाहीत, हे खरं. पण जे टिकतात ते शिकलेले असतात. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस या बाईंनी 'द झेन ऑफ स्क्रीमिंग' नावाची शिकवणीच २००५ साली डीव्हीडीवर आणली. किंचाळायचं कसं, गळा न फाडता. डेन्मार्कमध्ये काथरीन सादोलिन यांनी आवाजाची जी पद्धत बसवली, तिच्यात गुरगुर, खरखर, किंचाळी यांचे वेगवेगळे धडे आहेत. ज्याला आपण नुसतं 'घसा खरवडणं' म्हणतो त्याचे तिथे प्रकार पाडलेत, नावं दिलीत.

त्यातलं गमक सांगतो. खऱ्या स्वरतंतूंच्या जरा वर आणखी एक घड्यांची जोडी असते. तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. किंचाळीतली खरखर या वरच्या भागातून काढायची आणि खालच्या खऱ्या तंतूंना चिरडायचं नाही, ही त्यातली मुख्य कला. श्वास पोटातून, बेतानं सोडायचा, धक्का मारायचा नाही. मानेच्या शिरा टरारून फुगल्या म्हणजे काहीतरी चुकतंय. दुखलं की थांबायचं, दुसऱ्या दिवशी नव्हे, त्याच क्षणी. आणि सगळ्यात गंमतीची गोष्ट म्हणजे शिकलेला मेटलवाला वाटतो तेवढा मोठ्यानं ओरडतच नाही. जवळ उभे राहिलात तर त्याचा आवाज तुमच्या अपेक्षेपेक्षा लहान निघेल. खरखर त्याची, मोठेपणा माईकचा. आमचा शाहीर नेमका उलट वागतो. पुढ्यात माईक असूनही तो माईक नसल्यासारखा गातो.

का गातो, याचं उत्तर त्याच्या गळ्यात नाही, मांडवात आहे. एत्येन लोम्बार नावाच्या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी १९११ साली एक साधी गोष्ट दाखवून दिली. आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस न कळत आवाज चढवतो. आपला आवाज आपल्याला ऐकू येईना, की तो आणखी चढवतो. आता आपल्या मांडवातली मांडणी आठवा. भिंतीएवढे बॉक्स, सगळ्यांची तोंडं लोकांकडे. शाहिराच्या कानाशी काय? ढोलकी, झांज, चाळांचा खणखणाट आणि हल्ली कीबोर्ड, ऑक्टोपॅड. त्याला स्वतःचा आवाज अजिबात ऐकू येत नाही. मग तो घसा ताणतो. साउंडवाला बॉक्स वाढवतो, ढोलकीवाला हात वाढवतो, शाहीर पुन्हा ताणतो. पुढे बसलेले पुढारी पाचशेची नोट माईकवर जाहीर करून देतात, तीसुद्धा सगळ्यात वरच्या पट्टीला! एकदा मी साउंडवाल्याला विचारलं, एखादा बॉक्स शाहिराकडे तोंड करून का नाही लावत? तो म्हणाला, "मंडळ त्याचे पैसे देत नाय." मंडपाच्या झालरीला पैसे असतात. बॅनरवर तीस जणांचे फोटो छापायलाही असतात.

जुन्या मांडणीत शहाणपण होतं, हेही बोललं पाहिजे. अंगणात बारी, ऐकणारे हाताच्या अंतरावर. शाहिरानं ओळ टाकायची आणि कोरसनं ती उचलून घोळवायची. तेवढ्यात शाहिराचा श्वास बसायचा, घोटभर पाणी व्हायचं. पोवाड्यातले झीलकरी तरी दुसरं काय करतात? आता कोरसच्या हातातला माईक काढून शाहिराला 'सोलो' केलंय, कारण व्हिडिओत एकच चेहरा चांगला दिसतो.

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशी शास्त्र आमच्या लोककलेला कशाला? तर बाबांनो, पेटीही साहेबाबरोबरच आली. आणि दुसरं म्हणजे हे तितकंसं परदेशी नाहीच. प्रो. बी. आर. देवधर यांनी मुंबईत गाणं शिकवता शिकवता आवाजाच्या जोपासनेचा अभ्यास आयुष्यभर केला. त्यांच्याकडून ते शास्त्र डॉ. अशोक दा. रानडे यांच्याकडे आलं आणि रानड्यांनी ते गाणाऱ्यांपुरतं न ठेवता बोलणाऱ्यांपर्यंत, नाटकवाल्यांपर्यंत नेलं. मराठीत नेलं. म्हणजे ज्ञान मुंबई-पुण्यापर्यंत आलं होतं. आंबा घाट आणि कशेडी घाट मात्र ते उतरलं नाही. ज्यांचा आवाज सगळ्यात जास्त झिजतो त्यांच्यापर्यंतच ते आलं नाही. याचं कारण पहिल्या पंथाचं ते वाक्य: हे गाणं कुठे आहे?

आणखी एक गोष्ट क्लासवाल्यांसाठी. घशात आरसा घालून स्वरतंतू हलताना पहिल्यांदा नीट पाहिले ते डॉक्टरनं नाही, एका गाण्याच्या मास्तरानं. मॅन्युएल गार्सिया हे त्याचं नाव. १८५४ साली दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा आणि उन्हाची तिरीप घेऊन त्यानं स्वतःचाच गळा पाहिला. आवाज कसा होतो हे बघावंसं वाटणं, हा मास्तरकीचाच भाग होता.

सरकारचं बघा. ज्येष्ठ कलावंतांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं मानधन मिळतं, पन्नाशी उलटलेल्यांना, महिना ५००० रुपये. मिळायलाच हवं, आणि ज्यांचे कागद अडकलेत त्यांच्यासाठी मी आधीही लिहिलंय. पण पस्तिसाव्या वर्षी ज्याचा आवाज गेला, त्यानं पंधरा वर्षं काय करायचं? आवाज राहावा यासाठी एक रुपया नाही आणि गेल्यावर मानधन, हा कुठला हिशेब?

मला उत्तरात "परंपरा बिघडेल, आवाज गुळगुळीत होईल" हे ऐकवू नका. कुणीही जाखडीला भावगीत करा म्हणत नाही. ती धार, ती खरखर, वरच्या पट्टीतली ती हाक राहिलीच पाहिजे. शिमग्याला पालखी नाचताना फाका घालणारी, संक्रांतीला मारळला 'हर हर मार्लेश्वर' म्हणून सह्याद्रीचा कडा दणाणून सोडणारी आपण माणसं. आपल्याला ओरडणं सोडायला सांगणारा मी कोण? तेच ओरडणं साठाव्या वर्षीही करता यावं, एवढीच मागणी आहे. पस्तिशीतच ज्याच्या गळ्यातली हाक संपते तो पुढच्या पोरांना काय शिकवणार? मोबाइलवरचं रेकॉर्डिंग?

तर मागणी काय, ते स्पष्ट लिहितो. शिमग्याच्या आधी देवरुखात दोन दिवसांचं आवाजाचं शिबिर व्हावं. जाखडीवाले, नमनवाले, भजनी बुवा, आणि हो, वर्गात दिवसभर ओरडणारे मास्तर आणि बाईसुद्धा. एक कान-नाक-घशाचे डॉक्टर, एक वाचा-उपचार करणारी व्यक्ती आणि एक साउंडवाला, तिघंही एकाच वेळी समोर. पाण्याच्या ग्लासात नळी धरून त्यातून सूर सोडायचा, हा जगभर वापरला जाणारा साधा व्यायाम आहे. तेवढा जरी प्रत्येकानं घरी नेला तरी खूप झालं. रत्नागिरीला २०२३ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या डॉक्टरांना पन्नास-एक किलोमीटरवर बोलावणं काही अवघड नाही, कुणी रीतसर पत्र मात्र द्यायला हवं. नगरपंचायतीनं हॉल द्यावा. मंडळांनी पुढच्या सुपारीत शाहिराकडे तोंड केलेला एक बॉक्स लिहूनच घ्यावा, झालर कमी करून.

आणि ज्यांचा आवाज तीन आठवड्यांनंतरही घोगराच आहे, त्यांनी शिबिराची वाट बघू नये. त्यात मावा, तंबाखू, विडी असेल तर अजिबातच नाही. घोगरेपणा हे कॅन्सरचंही पहिलं लक्षण असू शकतं. घाबरवत नाही, पण डॉक्टरनं दुर्बिणीनं गळा बघायला पाच मिनिटं लागतात. तोवर बोलणं कमी करा आणि कुजबुजू तर नकाच, ताणून कुजबुजल्यानं घशावर आणखी जोर येतो.

पत्राचा मसुदा मी तयार केलाय. ज्या मंडळांना त्यावर सही करायची असेल त्यांनी दसऱ्याच्या आत मंडळाचं नाव, शाहिराचं वय आणि किती वर्षं गाताहेत एवढं मला कळवावं. शक्तीवाले आणि तुरेवाले दोघांच्याही सह्या एकाच कागदावर लागतील, तेवढं मात्र आधीच सांगून ठेवतो.