ताप उतरल्यानंतर

१२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, परिचारिका दिन सगळीकडे पाळला जातो. दीर्घकालीन थकव्याच्या आजाराचा जनजागृती दिनही हाच, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. १८५५मध्ये क्रिमियात नाइटिंगेलबाईंना जबर ताप आला. जिवावरचे निभावले, पण पुढे कित्येक वर्षे त्यांचा बराच काळ अंथरुणावर गेला.

परभणी जिल्ह्याला याचे नवल वाटू नये. ‘ताप गेला, पण अंगात जीव नाही’ हे जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत डेंग्यू-चिकुनगुनियाच्या साथीनंतर ऐकू येतेच. पाणी साठवल्याशिवाय जिथे भागत नाही, तिथे एडिस डासाला रांजण आणि हौद आयतेच मिळतात.

हा थकवा कुणाच्या वाट्याला येतो? ऑस्ट्रेलियातील डबो या शेतीवाडीच्या भागातल्या, संसर्गाने आजारी पडलेल्या २५३ रुग्णांचा अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काहींना चिकुनगुनियाच्या जातकुळीतल्या रॉस रिव्हर विषाणूची लागण झाली होती. सहा महिन्यांनंतर सुमारे ११ टक्के लोक दीर्घकालीन थकव्याच्या आजाराच्या व्याख्येत बसले. वय, स्वभाव, मनाची घडण यांवरून अंदाज बांधता आला नाही. सुरुवातीचे दुखणे जितके कडक, तितका धोका मोठा, एवढे मात्र स्पष्ट दिसले. या आजाराच्या एकूण रुग्णांत बायकांची संख्या अधिक आढळते, हे इतर अभ्यास सांगतात.

आपल्याकडे ताप येतो भाद्रपदाच्या सुमारास आणि कापसाची वेचणी सुरू होते दसरा-दिवाळीला. वेचणीची मजुरी किलोवर. तापातून उठलेली बाई एक दिवस नेटाने ओळी उरकते आणि पुढचे दोन-तीन दिवस तिला उठवत नाही. श्रमानंतर उशिराने येणारी ही घसरण हीच या आजाराची मुख्य खूण आहे. झोपूनही ताजेतवाने न वाटणे, बोलता बोलता शब्द न सुचणे, उभे राहताच भोवळ येणे, हेही त्यातलेच. घरात तिला कामचुकार म्हणतात, हा सरळ अन्याय आहे. ‘हिंडा-फिरा, बरे वाटेल’ हा सल्लाही अशा रुग्णाला बाधू शकतो; उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने या आजारासाठी टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याच्या उपचाराची शिफारस २०२१मध्ये मागे घेतली.

रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग यांची तपासणी आधी व्हायलाच हवी. पण अहवाल चांगले आले म्हणून डॉक्टरांनी फाइल मिटू नये. आशाताईंनी, घरच्यांनी यंदाच्या पावसाळ्यात कडक तापातून उठलेल्या प्रत्येकाला महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे: काम केल्यावर दुसऱ्या दिवशी कसे वाटते?