एक्सलचा बूट फाटला? वेळीच बदला

जीप किंवा तिच्यासारखी दणकट गाडी घेणाऱ्यांचा एक समज असतो, की ही गाडी खड्डे, चिखल, नाले सगळे पचवते, तिला फार जपावे लागत नाही. इंजिनाचे तेल वेळेवर बदलले आणि टायरमधली हवा पाहिली की झाले. परंतु यातल्या बऱ्याच गाड्यांच्या पुढच्या चाकांमागे रबराचे एक लहानसे आवरण असते. ते फाटले आणि महिनाभर कोणाच्या लक्षात आले नाही, तर काहीशे रुपयांचे काम काही हजारांवर जाते. शिवाय गाडी घाटात किंवा जंगलात अडकली आणि सोबत मुले असली, तर पैशांपेक्षा मोठी काळजी उभी राहते.

हा बूट करतो काय?

गॅरेजमध्ये या आवरणाला ‘एक्सल बूट’ किंवा ‘सीव्ही बूट’ म्हणतात. दिसायला तो हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा असतो. एक टोक रुंद, दुसरे अरुंद आणि दोन्ही टोकांना पट्टीचे क्लॅम्प.

पुढच्या चाकाला एकाच वेळी तीन कामे करावी लागतात. फिरायचे, खड्ड्यात खालीवर व्हायचे आणि स्टीअरिंगबरोबर वळायचेही. सरळ लोखंडी दांडा हे करू शकत नाही. म्हणून दांड्याच्या टोकाला सांधा असतो. फोर्ड कंपनीतील इंजिनीअर आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२०च्या दशकात शोधलेल्या अशा सांध्यात पोलादाच्या सहा गोळ्या खोबणीतून सरकतात आणि चाक कितीही वळले तरी एकसारखी गती देतात. या गोळ्या ग्रीसमध्ये बुडालेल्या असाव्या लागतात. ते ग्रीस आत ठेवणे आणि धूळपाणी बाहेर ठेवणे, एवढेच बुटाचे काम.

बूट फाटला की चाकाच्या वेगाने ग्रीस बाहेर उडते आणि त्याच वाटेने माती आत शिरते. उरलेल्या ग्रीसमध्ये माती मिसळली की सांधा स्वतःच स्वतःला घासून झिजवू लागतो.

रायपूरकरांनी अधिक सावध का राहावे?

छत्तीसगडचा शेतकरी आपल्या जमिनीला चार नावांनी ओळखतो : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा म्हणजे लाल, मुरमाड, खडे असलेली जमीन. कन्हार म्हणजे काळी, चिकट. रायपूरच्या आसपास थोडे आत गेले की गाडीला दोन्ही भेटतात. पावसाळ्यात काळी माती बुटाच्या घड्यांत बसते, वाळून दगडासारखी होते आणि चाक वळताना रबराला कापते. लाल मातीचे बारीक खडे तेच काम काचकागदासारखे करतात. धान कापल्यानंतर शेतात उभे राहिलेले बुडखे आणि जंगलवाटेवरच्या वाळक्या काटक्या खालून टोचतात, ते वेगळेच. त्यात रायपूरचा उन्हाळा. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा जुने रबर कडक होते आणि घडीच्या तळाशी बारीक भेगा पडतात.

म्हणूनच बारनवापारा अभयारण्यात फिरायला जाण्यापूर्वी किंवा केशकाल घाट चढून जगदलपूर गाठण्यापूर्वी गाडीखाली एकदा डोकावणे शहाणपणाचे. नागपूरला लग्नाला निघताना सामानाची यादी दोनदा तपासली जाते, तशीच ही तपासणी.

तुमच्या गाडीला बूट आहे का?

हा प्रश्न आधी विचारा, कारण सगळ्या गाड्यांची रचना सारखी नसते. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घरोघरी पोचली. तिच्याबरोबर हा बूटही गल्लीतल्या मेकॅनिकच्या ओळखीचा झाला. टाटा सफारी, स्कॉर्पिओ आणि २०१० साली आलेली थार यांच्या फोर व्हील ड्राइव्ह प्रकारांतही पुढे असे बूट असतात.

मात्र १९८५ साली आलेली मारुती जिप्सी आणि विलीज घाटाच्या जुन्या जिपा वेगळ्या. त्यांच्या पुढच्या एक्सलचा सांधा लोखंडी गोल कवचात बंद असतो आणि कवचाच्या तोंडाशी सील असते. तेथे भात्यासारखा बूट नसतोच. अशा गाडीत चाकाच्या आतल्या बाजूने ग्रीस किंवा तेल गळत असेल, तर सील तपासायचे. जिप्सीच्या मालकाला कोणी पुढच्या एक्सलचा बूट बदलायचा म्हणून बिल देऊ लागला, तर त्याने तो बूट आधी दाखवायला सांगावे.

पाच मिनिटांची तपासणी

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा. इंजिन बंद करण्यापूर्वी स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे चाकामागचा बूट ताणला जातो आणि घड्यांमधल्या भेगा दिसतात. मग इंजिन बंद करून टॉर्चने पाहा. दुसऱ्या बाजूलाही तसेच करा. नुसत्या जॅकवर चढवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर बूट फाटला आहे असे समजून चाला. पुष्कळदा ही खूण गाडी धुणाऱ्याला सगळ्यांत आधी दिसते. ‘आतून काहीतरी काळे लागले आहे’ असे तो म्हणाला, तर फडक्याने पुसून विषय संपवू नका.

दुसरी खूण कानाची. मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा. ‘टक् टक् टक्’ असा आवाज आला, तर माती सांध्यापर्यंत पोचून झीज सुरू झाली असण्याची शक्यता मोठी. येथे नवा बूट पुरणार नाही. खराब सांध्यावर नवे रबर चढवणे म्हणजे किडलेल्या दातावर नुसती टोपी बसवणे.

गॅरेजमध्ये काय घडायला हवे?

हे काम सवयीच्या हातांचे आहे. मालकाने पाना हातात घेण्याची गरज नाही, पण क्रम माहीत असावा.

चाक जमिनीवर असतानाच मधला मोठा नट सैल करतात. मग गाडी उचलून घोड्यांवर टेकवतात, चाक काढतात, हब मोकळा करतात आणि ड्राइव्ह शाफ्ट बाहेर घेतात. जुना बूट कापून काढला की सांधा दांड्यापासून सोडवायचा. येथे लोखंडी हातोडीचे घाव थेट बसता कामा नयेत.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि घाईत हमखास टाळली जाणारी. सांधा पूर्ण धुऊन, कोरडा करून गोळ्या आणि खोबणी उजेडात पाहायच्या. खड्डे, ओरखडे किंवा निळसर करपट डाग दिसले, तर सांधाच बदलायचा. ही तपासणी तुमच्यासमोर करायला सांगा. जुन्या ग्रीसवरच नवे ग्रीस थापून बूट चढवला, तर आत गेलेली माती आतच राहते आणि सगळा खर्च वाया जातो.

ग्रीसही साधे चालत नाही. या सांध्यासाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेले काळे ग्रीस लागते. चांगल्या बुटाच्या संचात त्याची पुडी मोजून दिलेली असते आणि ती पूर्ण वापरायची असते. बूट खोबणीत नीट बसवून, आत कोंडलेली हवा काढून मगच क्लॅम्प आवळायचे. क्लॅम्पऐवजी तार गुंडाळणे हा उपाय नव्हे, कारण तार रबर कापते. दांड्यावरचे लॉक आणि मधला नट नवे घालावेत आणि नट टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळावा.

शाफ्ट न काढता बसवता येणारे, उभ्या चिरेचे बूटही बाजारात मिळतात. चीर चिकटवली की काम झाले! पण त्यात सांधा धुतला जात नाही आणि चिखलात ती चीर टिकेलच असे नाही. अडचणीच्या वेळी घरी पोचण्यापुरते ते ठीक, कायमचे नाही.

‘अजून दोन महिने चालेल’

असे सांगणारे अनेक भेटतात आणि कधीकधी गाडी खरेच चालते. पण सांधा तुटला तर पुढच्या चाकांवर चालणारी मोटार जागीच थांबते. फोर व्हील ड्राइव्ह गाडीत पुढच्या चाकांची ताकद जाते, तीही नेमकी जेव्हा चिखलातून निघायला ती हवी असते तेव्हा. ज्या गुणासाठी जास्त पैसे मोजून ही गाडी घेतली, तोच गुण रबराच्या एका तुकड्यापायी गमवायचा का?

वाटेत बूट फाटल्याचे लक्षात आले, तर घाबरू नका. वेग कमी ठेवा, पाण्यातून आणि चिखलातून जाणे टाळा, स्टीअरिंग पूर्ण वळवू नका आणि गाठता येईल त्या पहिल्या चांगल्या गॅरेजमध्ये काम करून घ्या. एरवी पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळा संपताना एकदा, असे वर्षातून दोनदा बूट पाहायची तारीख घरातल्या कॅलेंडरवरच लिहून ठेवा.