गोल्डफिश मृगानंतर मिळतील



गुढीपाडवा झाला की माझ्या दुकानात एक पाटी लागते: "गोल्डफिश मृगानंतर मिळतील." बाजूचे दुकानदार हसतात. "पोरांना सुट्ट्या लागल्यात, गिऱ्हाईक दारात उभं आहे, अन् तू माल नाही म्हणतोस? वरून लोकांना धंदा शिकवतोस!"

टोमणा बरोबर आहे, म्हणून उत्तर नीट देतो.

दुकान टाकलं त्या पहिल्याच एप्रिलमध्ये एक गृहस्थ मुलीच्या वाढदिवसासाठी आले होते. मी त्यांना काचेचा गोल बाउल, चार गोल्डफिश आणि खाद्याचा डबा दिला. बिल झालं, मीही खूश. आठ दिवसांत चारही मासे मेले. हे मला त्यांनी सांगितलंच नाही. दिवाळीत त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळलं. भांडायला येणारं गिऱ्हाईक परवडतं हो, त्याला समजावता येतं. जे गुपचूप यायचं बंद होतं, त्याचा तोटा वहीत कुठेच दिसत नाही.

चूक माशांची नव्हती आणि त्या घराचीही नव्हती. चूक माझी होती. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. त्याला साधारण 18 ते 24 अंश पाणी मानवतं. आपल्या हिंगोलीत मे महिन्यात पारा 42-43 ला जातो. पत्र्याच्या घरात बाउलमधलं दोन-तीन लिटर पाणी दुपारपर्यंत किती तापत असेल, विचार करा.

मासा उन्हाने नाही, श्वासाने मरतो

पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. 25 अंशाला लिटरमागे साधारण 8.3 मिलिग्रॅम मावतो, 35 अंशाला जेमतेम 7. त्याच वेळी माशाचं शरीर जास्त ऑक्सिजन मागतं. म्हणजे आवक कमी अन् खर्च जास्त. धंदा असा चालला तर काय होतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

मग मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. घरच्यांना वाटतं, भूक लागली. ते अजून खाद्य टाकतात. उरलेलं खाद्य सडतं, अमोनिया वाढतो, आणि गरम पाण्यात तो जास्तच विषारी ठरतो. त्यात रात्री लाईट गेली की फिल्टर बंद. सकाळी मासे उलटे.

चिलर नको, माठ आठवा

काही जण मोबाईलवर बघून येतात आणि चिलर मागतात. हजारो रुपयांची वस्तू आहे, विकली तर मला चांगले पैसे सुटतील. पण साध्या घरगुती टँकला आपल्याकडे त्याची गरज क्वचितच पडते. मुंबई-कोकणात हवा दमट असते, तिथे पाणी लवकर उडत नाही. आपल्या मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा. म्हणून तर इथे माठ आणि कूलर चालतात. टँकलाही तोच नियम लागू आहे.

साधा हिशेब बघा. टँक 100 लिटरचा धरू. त्यात बर्फाची एक लिटरची बाटली सोडली, तर पाणी एक-सव्वा अंशाने उतरतं. त्याच टँकमधलं एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं, तर ते पाच अंशांहून जास्त उष्णता घेऊन जातं. खोलीची गरमी आत येतच राहते, त्यामुळे प्रत्यक्षात 3-4 अंशांचा फरक पडतो. पण जीव वाचायला तेवढा पुष्कळ झाला.

म्हणून मी काय सांगतो:

- काचेचं झाकण काढा, जाळी लावा. कॉम्प्युटरमधला 12 व्होल्टचा छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा वारा घालेल असा बसवा. अडॅप्टर पाण्यापासून लांब ठेवा.
- पाणी रोज बोटभर उतरेल, ते भरून काढा. पाणी उडतं, क्षार मागेच राहतात. आपलं बोअरचं पाणी आधीच जड, म्हणून भर घालताना आरओचं पाणी वापरा.
- गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी कधीच टाकू नका. पाणी बदलायचं असेल तर सकाळी, आणि थोडंथोडंच.
- बर्फ थेट टाकू नका. एकदम गार, पुन्हा एकदम गरम, हा झटका माशाला सोसत नाही.
- टँकचा दिवा दुपारी बंद ठेवा. खाद्य निम्मं करा.
- बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवा. तो नसेल तर लाईट गेल्यावर मगाने टँकमधलंच पाणी उचलून थोडं उंचावरून हळूहळू ओता.

मग विकायचं काय?

पहिल्यांदाच टँक घेणाऱ्याला उन्हाळ्यात मी गप्पी किंवा गुरामी देतो, तेही मोजकेच. गुरामी पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून तग धरतो. सोबत थर्मामीटर आणि पंखा. आणि गोल बाउल मी वर्षभर विकत नाही.

आता हिशेब. समजा बाउल आणि चार मासे विकून 200 रुपये सुटले आणि ते घर तुटलं. तेच घर टिकलं, आणि खाद्य, फिल्टरचा स्पंज, औषध यातून महिन्याला 100 रुपये जरी सुटले, तरी वर्षाचे 1200 होतात. शिवाय ते घर शेजाऱ्याला तुमचं नाव सांगतं.

"तू नाही दिलं तर दुसरीकडून घेतील," असं म्हणतात. घेतात ना, दरवर्षी काही जण घेतात. त्यातले काही जूनमध्ये रिकामा टँक घेऊन परत येतात आणि म्हणतात, "तुम्ही सांगितलं होतं." पण सगळे येत नाहीत, हेही खरं. एप्रिल-मेमध्ये माझा गल्ला हलका असतो आणि दुकानाचं भाडं काही हलकं होत नाही. तो तोटा मी धरूनच चालतो.

चांगला कृषी केंद्रवाला मे महिन्यात सोयाबीनची बॅग दिली तरी बजावतो, "पुरेसा पाऊस पडल्याशिवाय पेरू नका." त्याला आपण वेडा म्हणत नाही, पुढच्या वर्षी त्याच्याकडेच जातो. मासा तर जिवंत माल आहे. तो मेला की घरातलं लेकरू रडतं. ते रडणं आपल्या बिलात धरलेलं नसतं, पण विकलेलं आपणच असतं.

तुमच्या दुकानात अशी कोणती वस्तू आहे, जी आत्ता विकली जाईल पण गिऱ्हाईकाच्या घरी टिकणार नाही? आज संध्याकाळी शटर ओढण्याआधी ती शोधा. आणि उद्या सकाळी पाटी लावा.